स्पिंडल बदलूनही सिंकचा नळ पुन्हा ठिबकतो, तेव्हा

पुण्याच्या कडेला असलेली एक अकरा मजली सोसायटी, तिसरा मजला. त्या फ्लॅटमध्ये मी सात महिन्यांत तीन वेळा गेलो. तक्रार दरवेळी तीच होती: ओट्यावरचा दोन मुठींचा सिंक मिक्सर (गरम-थंड पाण्याचा एकत्र नळ) बंद केला तरी ठिबकतो. पहिल्या वेळी गरम बाजूचा स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा पाणी सोडणारा-अडवणारा भाग, काढून नवा घातला. थेंब थांबला, पैसे घेतले, निघालो. अडीच महिन्यांनी फोन आला. वाटलं, बाजारातला हलका स्पिंडल लागला असेल, म्हणून दुसऱ्या वेळी नळाच्या कंपनीचाच मूळ स्पिंडल घातला. तिसऱ्या वेळी दार उघडतानाच काकूंनी विचारलं, "दादा, आता नळच बदलायचा का?"

नळ बदलला असता तर चौथा फेरा ठरलेलाच होता, कारण दोष नळात नव्हता. तो कुठे निघाला ते पुढे येतंच. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: एकाच नळाची एकच बाजू दुसऱ्यांदा गेली, तर नवा स्पिंडल पिशवीतून काढायचा नाही. आधी नळाच्या मागे जायचं. नळापर्यंत काय येतंय, किती जोराने येतंय आणि कधी येतंय, ते बघायचं.

पाणी नेमकं कुठून येतंय

ग्राहक सगळ्यालाच "नळ गळतोय" म्हणतो. स्पाउटच्या (नळाच्या तोटीच्या) तोंडातून थेंब पडतो, स्पाउटच्या बुडाशी पाणी झिरपतं, मुठीखालून येतं आणि ओट्याखालच्या कपाटात ओल येते, या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि चारांचे इलाज वेगळे. कोरड्या फडक्याने सगळा नळ पुसा, स्पाउटभोवती आणि नळाला खालून पाणी आणणाऱ्या कनेक्शन पाइपच्या नटांभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. कागद खोटं बोलत नाही. ओट्याखालची ओल तर बऱ्याचदा वरूनच, स्पाउटच्या बुडातून भोकात उतरलेली असते आणि आपण खाली अँगल कॉक (नळाचं पाणी बंद करायचा छोटा कॉक) आवळत बसतो.

उंच हंसमानेचा स्पाउट असेल तर बंद केल्यावर मिनिटभर चार-सहा थेंब पडतात. स्पाउटच्या पोटात राहिलेलं पाणी जाळीतून निथळतं, त्यात बिघाड काही नाही. पाच मिनिटांनंतरही थेंब ठरावीक तालात पडत असेल तर तो खरा ठिबका.

आता बाजू ओळखा. गरम पाण्याचा अँगल कॉक पूर्ण बंद करा आणि वाट बघा. थेंब थांबला तर गरम बाजू, नाही थांबला तर थंड. अँगल कॉकच नीट बंद होत नसेल तर ही परीक्षा फसते, म्हणून तो बंद करून मूठ उघडा आणि धार खरंच तुटते का ते आधी बघून घ्या. भिंतीवरच्या मिक्सरला अँगल कॉक नसतात. तिथे किचनच्या लाइनचा कन्सिल्ड (भिंतीत बसवलेला) कॉक किंवा डक्टमधला वॉल्व्ह वापरावा लागतो. हे करायला वीस मिनिटं जातात आणि ग्राहकाला वाटतं मिस्त्री नुसता बसलाय. त्यांना सांगा की तपासणी चालू आहे.

आणि एक प्रश्न न चुकता विचारा: कधी ठिबकतो? सतत, रात्री, सकाळी, की पाणी येऊन गेल्यावर? त्या काकूंनी मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "सकाळीच जास्त ठिबकतो." मी ऐकलं आणि सोडून दिलं. उत्तर त्या एका वाक्यात होतं.

स्पिंडल हातात आल्यावर

काढलेला स्पिंडल लगेच डब्यात टाकू नका. सिरॅमिक स्पिंडलमध्ये ॲल्युमिनाच्या दोन चकत्या एकमेकींवर घासून पाणी अडवतात. हे द्रव्य वाळूपेक्षाही कठीण असतं, त्यामुळे चकती झिजून गेली असं फार क्वचित होतं. जातं ते तिच्या खालचं रबर. त्या रबराकडे नीट बघा.

रबरावर एका जागी खाच किंवा खड्डा असेल तर लाइनमधून कचरा येतोय. रबर सगळीकडून चपटं, कडक, चकाकतं झालं असेल तर उष्णता किंवा दाब जास्त आहे. रबर फुगून मऊ पडलं असेल तर कोणीतरी तेल किंवा व्हॅसलिन लावलंय. नळातली बरीच रबरं ईपीडीएम या जातीच्या रबराची असतात आणि खनिज तेलाने ती फुगतात. लावायचंच असेल तर पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल एवढंच. चकत्यांच्या कडेला पांढरा थर असेल तर क्षार.

त्यानंतर बॅटरी घेऊन नळाच्या अंगात बघा. स्पिंडल जिथे टेकतो ती पितळी बैठक गुळगुळीत हवी. जुन्या वायसरच्या नळात सिरॅमिक स्पिंडल घालून दिलेला असेल, तर बैठकीवर आधीच्या वायसरने पाडलेली चर असते. नवा स्पिंडल तिथे पहिल्या दिवसापासून अर्धवट टेकतो. आपण तो जोरात आवळून थेंब थांबवतो आणि दोन महिन्यांत रबर दबलं की तो पुन्हा सुरू होतो. बैठक सीट कटरने हलक्या हाताने साफ करा. चर खोल असेल तर त्या नळाचा नाद सोडा आणि तसं ग्राहकाला स्पष्ट सांगा.

उंचीची चूकही बरीच होते. बाजारातले अर्धा इंची स्पिंडल एकसारखे दिसतात, पण बुडाची लांबी कंपनीगणिक एखाद-दोन मिलिमीटरने बदलते. आखूड असेल तर रबर दबत नाही, लांब असेल तर नट पूर्ण बसण्याआधीच चकत्यांवर भार येतो आणि मूठ जड फिरते. जुना आणि नवा शेजारी ठेवून मापा. मुठीकडचे दातेही मोजा, कारण वीस दात्यांचे आणि चोवीस दात्यांचे दोन्ही मिळतात. दांडीवाल्या मुठीच्या नळात गरम आणि थंड बाजूचे स्पिंडल उलटसुलट दिशेने बंद होणारे असतात. अदलाबदल झाली तर मूठ भलत्याच बाजूला जाऊन अडते, मग ग्राहक ताकद लावतो आणि आतला खिट्टा तुटतो.

सिंगल लिव्हरच्या कार्ट्रिजचं अंग प्लास्टिकचं असतं. ३५ मिलिमीटरची की ४० ची ते मापूनच आणा, बुडाचे खुंटे भोकात बसल्याची खात्री करा, नट हाताने पूर्ण फिरवा आणि मग पान्याने पाव फेरा, बस. लिव्हर जड वाटतोय म्हणजे नट जास्त आवळला गेलाय.

जाळीतला कचरा

एरेटरची, म्हणजे स्पाउटच्या तोंडावरची, जाळी उघडून पांढऱ्या कागदावर आपटा. अडकलेला कचरा लाइनची हकीगत सांगतो. पांढरे टणक तुकडे म्हणजे क्षार, बहुधा गीझर किंवा सोलरकडून सुटलेले. पिवळसर-पांढरा, वाकणारा कीस म्हणजे सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारं प्लास्टिक) कापल्यावर पाइपची कड साफ न केल्याची खूण. राखाडी बारीक वाळू टाकीच्या तळाची. तांबूस खवले जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनचे. काळे मऊ कण म्हणजे कुठलं तरी रबर विरघळतंय, आणि ते बहुधा कनेक्शन पाइपच्या आतल्या नळीचं असतं. तो पाइप तिथल्या तिथे बदला. पांढरे धागे असतील तर ते आपलंच टेफ्लॉन. टेप पहिला आटा सोडून गुंडाळली तर धागे आत जात नाहीत.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. त्या एक-दोन दिवसांत टाकी तळाला जाते, एरवी शांत बसलेला गाळ ढवळला जातो आणि उतरत्या लाइनमधून सगळ्यांच्या किचनमध्ये पोचतो. एकाच आठवड्यात एकाच इमारतीतून तीन-चार फोन आले तर फ्लॅटमध्ये जाण्याआधी गच्चीवर जा. टाकीच्या बाहेर निघणाऱ्या पाइपवर वाय स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी) आहे का, आणि असला तर तो शेवटचा कधी उघडला, हे वॉचमनलाही माहीत नसतं. स्ट्रेनर बसवायला सोसायटीला पटवा. एकेका घरातले स्पिंडल बदलत राहण्यापेक्षा ते सगळ्यांनाच स्वस्त पडतं.

खडकवासल्याचं पाणी मऊ आहे. पण कडेच्या सोसायट्यांमध्ये बोअरवेल आणि टँकरचं पाणी त्यात मिसळतं आणि आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरला कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरला आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. असं पाणी तापलं की क्षार सुटून बसतो. म्हणून मिक्सरची गरम बाजू बहुधा आधी जाते. जाळीसाठी ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवून ठेवा, थर सुटतो. फरशीचं ॲसिड नळाला कधीच लावू नका. क्रोम जातं आणि खालचं पितळही खाल्लं जातं. सुईने जाळी टोचणंही नको, भोकं मोठी होऊन धार वेडीवाकडी फुटते.

स्पिंडल बदलण्याआधी लाइन धुणं हे मी आता सक्तीचं मानतो. कनेक्शन पाइप नळापासून सोडवून बादलीत धरा, अँगल कॉक पूर्ण उघडा आणि दोन मिनिटं जोराने पाणी सोडा. मग एक-दोनदा झटक्याने बंद-चालू करा, म्हणजे कोपरातला कचरा हलतो. नवा स्पिंडल बसवल्यावर जाळी काढूनच पहिलं पाणी सोडा.

दाब, आणि त्या फ्लॅटचं उत्तर

आपण दाब "किलो"त बोलतो. हिशेब सोपा आहे: दहा मीटर उंचीच्या पाण्याचा एक किलो. अकरा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, वर आठ मजले आणि टाकी मिळून सत्तावीस-अठ्ठावीस मीटर, म्हणजे पावणेतीन किलो. यात नळाला काही त्रास नाही. म्हणून पहिल्या दोन्ही वेळा माझ्या डोक्यात दाबाचा विचारच आला नाही.

तिसऱ्या वेळी मी दाब मोजायचा, दहा किलोपर्यंतचा अर्धा इंची गेज घेऊन गेलो. गरम बाजूचा कनेक्शन पाइप काढून अँगल कॉकवर गेज चढवला. काटा पावणेतीनवर, अगदी हिशेबाप्रमाणे. थंड बाजूलाही तेच. मग काकूंचं "सकाळीच" आठवलं आणि विचारलं, गीझर कधी लावता? "सहाला. सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत चालूच असतो." बाथरूममधला पंचवीस लिटरचा गीझर, त्याच्याच लाइनवर किचनचा मिक्सर. गीझर चालू केला आणि घरातले सगळे गरम नळ बंद ठेवले. काटा हलायला लागला. साडेतीन, साडेचार, सहा. पंधरा मिनिटांत सात ओलांडले तेव्हा मी गीझर बंद केला.

कारण असं. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ ला गेलं तर सुमारे चारशे मिलिलिटरने वाढतं. गीझरच्या थंड तोंडावर एकदिशा वॉल्व्ह असतो, त्यामुळे वाढलेलं पाणी मागे टाकीकडे जाऊ शकत नाही. नळ बंद, म्हणून पुढेही जागा नाही. मग दाब चढतो. याचसाठी गीझरच्या त्या मल्टिफंक्शन वॉल्व्हला बाजूला एक तोंड दिलेलं असतं. दाब ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की तिथून पाणी बाहेर पडायला हवं.

गीझरखाली टॉर्च मारला. त्या तोंडाला ते बंद करणारा पितळी डेड प्लग लावलेला होता, टेफ्लॉनसकट. कोणीतरी कधीतरी "गीझरखालून पाणी टपकतं" या तक्रारीवर हा इलाज केला होता.

म्हणजे सात महिने सिंकचा नळ त्या गीझरचा सेफ्टी वॉल्व्ह झाला होता. रोज सकाळी वाढलेला दाब लाइनमधल्या सगळ्यांत दुबळ्या रबरातून वाट काढत होता आणि मी दर अडीच महिन्यांनी ती वाट बंद करून येत होतो. हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी जास्त तापलं की वीज तोडणारा भाग) नीट चालत होते म्हणून बरं. थर्मोस्टॅट चिकटला असता, तर प्लग मारलेल्या गीझरची टाकी फुटू शकते, आणि तो गीझर त्यांच्या बाथरूममध्ये डोक्यावर टांगलेला होता.

त्याच दिवशी गीझरचा स्विच बंद करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी काम केलं. नवा मल्टिफंक्शन वॉल्व्ह लावला, गीझरच्या दाबाच्या रेटिंगला जुळणारा. बाजूच्या तोंडाला नळी जोडून ती उतारावर, शेवट उघडा ठेवून मोरीकडे सोडली. पण तो वॉल्व्ह फार वरच्या दाबाला उघडतो, तोवर नळाच्या रबरावर ताण येतोच. म्हणून गीझर आणि एकदिशा वॉल्व्ह यांच्या मध्ये पिण्याच्या पाण्याला चालणारं दोन लिटरचं एक्स्पान्शन भांडं (फुगलेलं पाणी सामावून घेणारं) टाकलं आणि त्यातली हवा लाइनच्या दाबाइतकी, पावणेतीन किलो भरली. पुन्हा गेज लावून गीझर पूर्ण तापू दिला. काटा चारच्या आत थांबला. त्यानंतर स्पिंडल बदलला, तिसऱ्यांदा आणि आतापर्यंतचं शेवटचं.

तुमच्याकडे अशी तक्रार आली तर गीझर बंद ठेवून एक दिवस निरीक्षण करायला सांगा. गीझर बंद असताना ठिबका नाही आणि तापताना आहे, तर स्पिंडलला हात लावण्याआधी गीझरखाली बघा. तिथे प्लग दिसला तर तो काढल्याशिवाय घरातून निघू नका. ग्राहक नको म्हणाला तरी गीझर बंद करून, का बंद केला ते त्याला समजावूनच निघा.

सगळ्याच नळांवर आणि दिवसभर दाब जास्त दिसत असेल तर कारण वेगळं: प्रेशर पंपाचं सेटिंग, किंवा उंच इमारतीत खालच्या मजल्यांवरचा बिघडलेला पीआरव्ही (दाब कमी करणारा वॉल्व्ह). स्थिर दाब पाच किलोच्या वर दिसला की मी नळाचं काम थांबवून आधी ते करायला सांगतो. आणि मध्येच ठक्कन आवाज येत असेल तर सिंकखालून आरओला दिलेली जोडणी तपासा. आरओचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा वॉल्व्ह) झटक्यात बंद होतो, तो धक्का थेट मिक्सरला बसतो. पाइप क्लॅम्पने घट्ट धरले की बराच फरक पडतो.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

स्पाउटच्या बुडातून पाणी येत असेल तर ओ रिंग (गोल रबरी कडी) गेलीय. दोन्ही एकदम बदला, खाच पुसून घ्या, सिलिकॉन ग्रीस लावा. पुन्हा लवकर गेल्या तर स्पाउटवर काय टांगतात ते विचारा. ओल्या फडक्यांचं आणि पिशव्यांचं वजन एका बाजूला पडून रिंग तिरकी झिजते.

नळ बुडाशी हलत असेल तर खालचा नट आवळण्याआधी पातळ स्टीलच्या सिंकचा पत्रा लवतोय का बघा. लवत असेल तर नळासोबत येणारी तिकोनी आधारपट्टी लावल्याशिवाय तो घट्ट राहणार नाही. बऱ्याच घरांत ती पट्टी खोक्यातच पडून असते.

कनेक्शन पाइपच्या ज्या टोकाला फिरता नट आणि आत रबरी वायसर आहे, तिथे टेफ्लॉन नको. तिथे रबरच पाणी अडवतं. हाताने घट्ट, मग पाव फेरा. मिक्सरच्या पोटात जाणारं बारीक आट्यांचं टोक तर फक्त हाताने, पाना लावला की त्याची ओ रिंग चिरते. पाइपला पीळ पडू देऊ नका. सिंकखाली ॲसिडची किंवा ब्लीचची बाटली ठेवलेली असेल तर ती हलवायला सांगा. त्या वाफेने स्टीलची विणलेली जाळी गंजते आणि पाइप एखाद्या रात्री फुटतो. घरात कोणी नसलं तर खालच्या फ्लॅटच्या छतापर्यंत पाणी जातं.

सीपीव्हीसीच्या लाइनवर नळ चढवताना पितळी आट्यांची जोडणी वापरा. प्लास्टिकच्या आट्यांत पितळ आवळलं की चीर आज दिसत नाही, सहा महिन्यांनी टाइल्सच्या मागे दिसते.

एक्स्पान्शन भांड्याचा खर्च प्रत्येक घर करेलच असं नाही. अशा घरी मी निदान मल्टिफंक्शन वॉल्व्ह नवा लावतो, नळी उघडी सोडतो आणि घरातल्या मोठ्या माणसाला गीझरखाली उभं करून दाखवतो: तापताना इथून थोडे थेंब पडतील, ते पडू द्यायचे, आणि कोणी इथे प्लग मारायला आला तर आधी मला फोन करायचा.